वाकळीतले रंग कुठून आले?



उन्हाळ्यात आमच्या गटाची बैठक झाली. बचतीचे हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, दोघींच्या कर्जाचं बोलणं झालं. मग मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात आम्ही आपापली बोचकी सोडली. वाकळा शिवायच्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, ऊस कारखान्याला गेलेला, रानात फारसं काम नाही. आपल्याकडे वाकळ शिवायचा हाच हंगाम. बोचकी सुटली आणि कापडाचा एवढा ढीग पडला, की नुकतीच लग्न होऊन आलेली आमची एक सून गोंधळून गेली. तिनं विचारलं, "आक्का, यातलं रंग कसं निवडायचं?"

आक्का म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क. त्या म्हणाल्या, "निवडायचं काय त्यात? बोचक्यात हाईत तेवढंच रंग."

सगळ्या हसल्या. पण नंतर आम्ही बघत बसलो, तर आक्का निवडतच होत्या. एक तुकडा उचलायच्या, दुसऱ्याच्या शेजारी ठेवायच्या, मान हलवायच्या, परत काढायच्या. असा अर्धा तास गेला. घरी जाताना आमच्या मनात दोन प्रश्न होते. बोचक्यात हेच रंग का असतात? आणि त्यातला एखादाच रंग हाताला का लागतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलो तर ते फार लांबवर गेलं. थोडं आज्यांच्या बोलण्यात सापडलं, थोडं पुस्तकात, थोडं आपल्या इचलकरंजीत. आज रेडिओवर तेच सांगायचं आहे.

आधी नावाचं बघू. कोल्हापूर-सांगलीकडे आपण वाकळ म्हणतो. पुण्याकडे आणि मराठवाड्यात तिलाच गोधडी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात ती कौदी होते. तान्ह्या बाळाची लहान, मऊ, ती दुपटं. धनगरांची घोंगडी यात येत नाही, कारण ती जुन्या कापडाची नसते, लोकरीची विणतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली घोंगडी आपण बघतो, पण तिचा मूळ रंग मेंढराचाच असतो. काळा, करडा, नाहीतर पांढरा. घोंगडीचा रंग निवडायचा तर मेंढरूच निवडावं लागतं! वाकळीचं तसं नाही. घरात जे जे कुणी नेसलं, घातलं, फाडलं, ते सगळं तिच्यात येतं.

जुन्या कापडाला नवं करून वापरायची ही रीत किती जुनी आहे, तर गौतम बुद्धांच्या काळापर्यंत मागं जाता येतं. भिक्षूंची चीवरं टाकून दिलेल्या चिंध्या जोडून शिवायची असत. मगध देशातली बांध घातलेली भातशेतं बघून बुद्धांनी आनंदाला तसंच चीवर शिवायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. तुकडे म्हणजे वाफे, जोड म्हणजे बांध. आपल्या राधानगरी-गगनबावड्याकडची भाताची खाचरं डोंगरावरून बघितली तर ते लगेच समजतं. फरक एवढाच, की भिक्षूंना सगळे तुकडे एका रंगात बुडवावे लागत. रंगाचा मोह नको म्हणून. आपल्या बायकांनी हा नियम काही पाळलेला नाही.

आता रंगांकडे येऊ. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या खापरपणजीच्या बोचक्यात कोणते रंग असतील? फार नाहीत. तेव्हा रंग झाडापाल्यातून यायचे. लाल रंग आलाच्या मुळांतून काढत. त्या रंगातलं जाडंभरडं लाल कापड म्हणजे खारवा. निळा रंग निळीच्या झाडापासून. काळा रंग करायला हिरडा आणि लोखंडाचं पाणी. हिरडा तर आपल्या शाहूवाडी-पन्हाळ्याच्या डोंगरात आजही गोळा करतात. पिवळ्याला हळद, गुलाबी-कुसुंबी रंगाला करडईच्या जातीची फुलं. हे काम रंगारी आणि निळारी लोकांचं. घरोघरी कुणी रंगवत बसत नसे.

यातला एक बारकावा बायकांना ठाऊक होता. आलाचा लाल आणि निळीचा निळा कितीही धुतला तरी टिकतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, करडईचा गुलाबी धुण्यात जातो. आणि वाकळ करायला कापड येतं कधी? वर्षानुवर्षं नेसून, धुऊन, मऊ झाल्यावर. म्हणजे बोचक्यात येईपर्यंत पिवळा, गुलाबी निघून गेलेला असायचा. उरायचे ते लाल, निळा, काळा आणि धोतरा-पागोट्यांचा पांढरा. तेव्हाच्या बाईनं वाकळीत चारच रंग घेतले असतील तर ती तिची आवड नव्हती. टिकायचेच तेवढे.

हे बदललं ते एका पोराच्या चुकीमुळं. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं औषध, कोयनेल, डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून करता येतं का ते बघत होता. कोयनेल झालं नाही. भांड्याच्या तळाशी काळं काहीतरी राहिलं. ते धुताना त्यातून जांभळा रंग निघाला. कारखान्यात तयार झालेला हा पहिला मोठा रंग. पुढं जर्मन लोकांनी यात आघाडी घेतली. १८६८ मध्ये मुळांतून निघणारा लाल रंग प्रयोगशाळेत बनला, १८९७ मध्ये निळीचा निळासुद्धा कारखान्यातून बाजारात आला. मुळं खणायची गरज उरली नाही, निळीची शेती बसली, आणि रंगाऱ्यांच्या पोटावर पाय आला. पण बाईच्या लुगड्याला मात्र अंजिरी, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, कोनफळी असे रंग मिळाले. ही नावं बघा. एकही नाव कारखान्याचं नाही. रंग आले परदेशातून, पण आपल्या बायकांनी त्यांना परसातल्या फळाफुलांची, कंदांची, पाखरांची नावं देऊन घरातलं करून टाकलं.

१८५६ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी आपल्या देशात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. जांभळ्या रंगाचा आणि त्या कायद्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण रंग आणि विधवा यांचा संबंध आहे, आणि त्याकडं आपल्याला शेवटी यायचंच आहे.

आपल्या जिल्ह्यात दुसरा मोठा बदल मागांनी घडवला. इथल्या बायकांचं नेहमीचं लुगडं म्हणजे इरकली. ते येतं आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलहून. काठ लाल, पदर लाल-पांढरा, अंग डाळिंबी नाहीतर मोरपंखी, नाहीतर काळं. काळ्या अंगाची लाल काठाची ती चंद्रकळा. त्यावर खणाची चोळी. रेंदाळसारख्या गावात हातमागाची खडखड दिवसभर चालायची. आता तिथले हातमाग बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथले जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला पाठबळ दिलं. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूत-कापडाच्या गिरणीचा पाया घातला. ती गिरणी आज बंद आहे, पण तिचा भोंगा आठवणारी माणसं अजून आहेत. आपल्या भागातले कितीतरी कर्ते पुरुष मुंबईला गिरणगावात गेले, ते वेगळंच.

यानं वाकळीत काय बदललं? लुगडं स्वस्त झालं. ज्या बाईकडं दोनच लुगडी असायची, एक अंगावर आणि एक दांडीवर, तिच्याकडं तीन झाली, चार झाली. आणि बोचकं भरायचं तर आधी अंगावरच्यापेक्षा जास्त कापड घरात हवं. हे साधं आहे, पण आमच्या लक्षात ते उशिरा आलं. जिला रंग निवडता येतात तिच्याकडं कापड आहे. आमच्या एका मावशींच्या आईनं लग्नानंतर आठ वर्षं वाकळ शिवलीच नव्हती, कारण शिवायला जुनं काही उरायचंच नाही. घरात फाटकं लुगडं असलं तर त्याचं धडपं व्हायचं, धडप्याची पोराची टोपी-अंगरखा व्हायचा, आणि शेवटी पोतेरं. तीन पोरं पोत्यावर झोपायची.

दुसऱ्या महायुद्धात तर कापडच मिळेना. १९४३ मध्ये सरकारनं कापडावर कंट्रोल आणला. ठरलेल्या भावाचं ठरावीक जातीचं कापड निघालं. त्या काळातली एक वाकळ आमच्या गटातल्या एकीच्या घरी आहे, तिच्या आजेसासूच्या हातची. बघायला गेलं तर ती फार देखणी नाही. सगळी मळकट पांढरी आणि खाकी. पण मधोमध एका ओंजळीएवढा लाल तुकडा आहे, इरकलीच्या पदराचा. आक्कांनी तो बघितला आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिच्याकडं लाल एवढंच हुतं. म्हणून मधी घातलं. कडंला घातलं असतं तर कुणाला दिसलं असतं?"

आम्हाला वाटतं, रंग निवडण्याचं सगळं शास्त्र त्या वाक्यात आहे. तरी आक्कांकडून जे शिकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुष्कळजणींनी विचारलं होतं.

ढीग नेहमी उजेडात करायचा. अंगणात, सकाळी. ट्यूबलाइटखाली निळा आणि हिरवा सारखाच वाटतो आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर हात मारायची वेळ येते. ढिगाचे रंगाप्रमाणे वाटे करू नका. आक्का गडद, मध्यम आणि फिका असे तीनच वाटे करतात. डोळे अर्धे मिटून बघतात. डोळे मिटले की लाल कोणता, हिरवा कोणता हे कळत नाही, पण काळसर काय आणि उजळ काय ते बरोबर कळतं. गडदाशेजारी गडद ठेवला तर दोन्ही तुकडे एकमेकांत बुडतात, मग रंग कितीही भारी असोत.

मग जो रंग सगळ्यात जास्त आहे तो पायाला घ्यायचा. आपल्याला आवडतो तो नव्हे, जास्त आहे तो. इथंच नव्या पोरी चुकतात. आवडीचा गुलाबी घेऊन बसतात आणि अर्ध्या वाकळीत तो संपतो. कमी असलेला रंग एका कोपऱ्यात संपवायचा नाही. त्याचे चार-पाच तुकडे करून लांब लांब टाकायचे. डोळा एकावरून दुसऱ्यावर जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा रंग सगळीकडं आहे. भडक रंग मिठासारखा वापरायचा. काठाला गडद रंग, कारण पायाकडं आणि तोंडाकडं वाकळ लवकर मळते. शिवाय लुगडं मधे विरतं, काठ-पदर मजबूत राहतात. म्हणून काठ काठालाच लावावेत. तिथं रंगाची निवड कापडाच्या ताकदीनंच होऊन जाते.

आणि कुठलाही तुकडा एकटा बघून ठरवायचा नाही. आक्का म्हणतात, माणूस जसा शेजाऱ्यावरून कळतो तसा रंग. हेच फ्रान्समध्ये एका मोठ्या माणसानं शोधून काढलं. मिशेल शेव्रल हा पॅरिसच्या गोबेलँ या गालिच्या-पडद्यांच्या राजेशाही कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा दोरा नीट काळा होत नाही. त्यानं रंग तपासला, काही दोष नव्हता. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या दोऱ्यांचा होता. त्यांच्याजवळ काळा फिका दिसायचा. १८३९ मध्ये त्यानं यावर जाड पुस्तक लिहिलं. आक्कांना पुस्तक लिहायची गरज वाटली नाही. त्या नुसतं "हितं नगं, तिथं ठेव" म्हणतात. (खरं तर आम्हीच ते लिहून घ्यायला हवं. नुसतं ऐकून सोडून देतो.)

लाल हिरव्याशेजारी ठेवला तर ओरडतो, तपकिरीशेजारी शांत बसतो. फिका रंग गडदाच्या मधे दिव्यासारखा दिसतो. करून बघा.

आता एक आमचीच फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका विक्रेत्यानं आम्हाला वाकळांची ऑर्डर दिली. अट अशी की सगळ्या वाकळा एकाच रंगसंगतीच्या हव्यात. लाल, काळ्या आणि पांढऱ्या. जुन्या बोचक्यांतून एवढा एकसारखा लाल निघणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही बाजारातून नवं लाल कापड आणलं. दोन महिने बसून वाकळा झाल्या, दिसायला झकास. गिऱ्हाइकानं पहिली वाकळ धुतली आणि सगळा पांढरा गुलाबी झाला. माल परत आला. दोऱ्याचा, कापडाचा खर्च तर गेलाच, शिवाय गटानं आत घातलेले पैसे फेडायला वर्ष लागलं. तेव्हा आम्ही भांडलोही. कुणी म्हणालं दुकानदारानं फसवलं, कुणी म्हणालं ऑर्डर घ्यायलाच नको होती. आक्का त्या वेळी आजारी होत्या. बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "पांढरी चिंधी वली करून चोळली नव्हती व्हय?"

नव्हती. एवढं साधं काम. कापडाचा कोपरा आणि पांढरी चिंधी दोन्ही ओलं करून एकमेकांवर घासायचं. चिंधीला रंग लागला तर ते कापड रंग जायचा थांबेपर्यंत वेगळं धुवायचं, आणि थांबतच नसेल तर बाजूला ठेवायचं. आमच्या आयांना हे करावं लागत नसे, कारण त्यांच्या बोचक्यातलं कापड आधीच शंभरदा नदीवर आपटलेलं असायचं. ज्याचा रंग जायचा त्याचा गेलेला असायचा. जुनं कापड परीक्षा देऊन आलेलं असतं. नव्याची आपण घ्यावी लागते.

त्यानंतर नायलॉनचा काळ आला. टेरिकॉट, पॉलिस्टर. लुगड्यांची जागा पाचवारीनं घेतली. रंग तर असे, की सूर्यालाही दाद देत नाहीत. विटतच नाहीत. बोचक्यात पहिल्यांदाच असं कापड आलं जे जुनं झालं तरी जुनं दिसत नव्हतं. सुती तुकडा आणि नायलॉनचा तुकडा शेजारी शिवला तर सुती आटतो, नायलॉन तसाच राहतो, आणि वाकळ सुरकुतते. सुई घसरते ती वेगळीच. घाम शोषत नाही. बऱ्याच बायकांनी नायलॉनच्या साड्या फक्त वरच्या अंगाला घेतल्या आणि आत सुती जुनेर. काहींनी उलट केलं, म्हणजे अंगाला लागेल ती बाजू सुती. आम्हाला दुसरी रीत बरी वाटते.

सीमेपलीकडं उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून इथं आणले गेले. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. त्या काठापासून सुरुवात करून गोल गोल आत येत मधे संपवतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी फुलं बसवतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं त्या मानतात. फुलांसाठी रंग वेगळा राखून ठेवतात. बोचक्यातला चांगला तुकडा कशासाठी राखायचा, हाही निवडीचाच भाग झाला.

तिकडे अमेरिकेत, अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं काळ्या लोकांचं खेडं आहे. आपल्या नरसोबाच्या वाडीसारखं तीन बाजूंनी पाण्याजवळ. तिथल्या बायका गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या नाती-पणत्या, वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या. थंडीत घराच्या फटी बुजवायला त्या गोधड्या शिवत. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी एकत्र येऊन शिवणाची सहकारी संस्था काढली, आपल्या गटासारखीच. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कित्येकांना मालकांनी घरातून काढलं होतं. त्यांना चार पैसे हवे होते. १९७२ मध्ये एका मोठ्या दुकानकंपनीनं त्यांना उभ्या धारीच्या जाड कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं. कापड दुकानानं दिलेलं, म्हणून रंगही दुकानाचेच. शेवाळी हिरवा, सोनेरी, नारिंगी, लाल. अभ्रे कापून उरलेल्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांच्या गोधड्या केल्या. आज मोठमोठ्या संग्रहालयांत त्या गोधड्या टांगलेल्या आहेत, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं जीज बेंडच्या गोधड्यांची तिकिटंही काढली. बघणारे म्हणतात, काय रंग निवडलेत! निवडले होते दुकानवाल्यानं. बायकांनी ते कुठं ठेवायचे एवढंच ठरवलं. पण तेवढ्यानंच तर झालं.

त्याच गावातल्या मिझुरी पेटवे या बाईंची १९४२ ची एक गोधडी आहे. त्यांचे यजमान गेले. त्यांनी यजमानांचे कामाचे कपडे, विटलेल्या विजारी आणि शर्ट, फाडून गोधडी केली. तिच्याखाली झोपून त्यांची आठवण काढायची म्हणून. निळा, राखी, मातकट. गुडघ्याच्या जागी रंग वेगळा दिसतो, कारण विजार तिथं झिजलेली असते.

हे आम्ही गटात सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आपल्याकडं गेलेल्या माणसाचं कापड काहीजण वाटून टाकतात, काहींच्या घरी धोतर वाकळीच्या आत घालतात, वर दिसू देत नाहीत. पण आमच्या ढिगात जे पडलं होतं ते गेलेल्या पुरुषाचं नव्हतं. ते मागं राहिलेल्या बाईचं होतं.

त्या दिवशी एका बोचक्यातून चार साड्या निघाल्या. एक हिरवीगार काठाची, एक डाळिंबी, दोन पिवळ्या. घड्या मोडलेल्यासुद्धा नाहीत फारशा. नव्या सुनेनं आनंदानं उचलल्या. म्हणाली, ह्या तर नव्याच आहेत, वाकळीत कशाला? बोचकं जिचं होतं तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. तिनं खाली बघत सांगितलं, "मला काय करायच्यात."

मैत्रिणींनो, वाकळीत एवढे चांगले रंग कुठून येतात, याचं हेही एक उत्तर आहे. आणि ते आम्ही इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. काही घरांतल्या वाकळा गावात सगळ्यात देखण्या असतात, कारण त्या घरातल्या बाईला ते रंग नेसायची बंदी झालेली असते. पूर्वी ब्राह्मण घरांत केशवपन करून लाल आलवण नेसायला लावत. शेतकरी समाजात पुष्कळ ठिकाणी पाट लावायची मोकळीक होती, तरी हिरवा रंग, हिरव्या बांगड्या, कुंकू हे जायचंच. पुढं घरंदाज म्हणवून घ्यायला काहींनी पाटही बंद केला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. कायद्यानं लग्नाची वाट मोकळी झाली. साडीचा रंग कुठल्या कायद्यात नव्हता, म्हणून तो तसाच राहिला.

मग आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या गावात ठरावाची चर्चा झाली, टाळ्या झाल्या. घरात काय बदललं हे वेगळं विचारावं लागतं. आमच्या गटात तीन विधवा बहिणी आहेत. एक टिकली लावते. एक हळदी-कुंकवाला येते पण मागं बसते. तिसरीची ही बोचकी.

शिरोळकडच्या वाकळांत अलीकडं अजून एक गोष्ट दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला. कृष्णा-पंचगंगेचं पाणी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला भिजलेल्या अंथरुणांचे ढीग पडले. वाकळा पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की दोघींना उचलेनात. कुजल्या, टाकल्या. नवरात्राच्या आधी नदीवर वाकळा धुवायला जातो तसं त्या वर्षी कित्येकींना जावंच लागलं नाही. आज्या-पणज्यांच्या हातच्या वाकळा त्यात गेल्या. आलाच्या लाल रंगाची एखादी कुणाकडं असेल तर तीही गेली. मग मदतीचे ट्रक आले. त्यांत साड्या होत्या, कुठल्या कुठल्या गावांच्या. आपल्याकडं कुणी नेसत नाही असे रंग, चमचमत्या जरीचे पॉलिस्टरचे काठ. त्या नेसायला नाही आवडल्या तरी टाकवत नव्हत्या, देणाऱ्यानं मनानं दिलेल्या. आता त्या वाकळांमध्ये दिसतात. शंभर वर्षांनी कुणी त्या भागातली वाकळ बघितली आणि तिला प्रश्न पडला की इथं हा परका निळा कसा, तर उत्तर पुराचं आहे.

आमच्या मंडपात त्या दिवशी असं झालं. आक्कांनी हिरव्या काठाची साडी ढिगातून ओढून बाजूला काढली. बोलल्या काही नाहीत. आमच्यातल्या कुणीतरी म्हणालं, हिरवा नाही तर मधला वाफा कसा भरायचा, एवढा हिरवा दुसरा नाही. आक्का म्हणाल्या, नसूदे. साडी घडी घालून त्यांनी जिची होती तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती परत ढिगात टाकली. आक्कांनी परत काढली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती साडी तिच्या मांडीवरच राहिली.

डाळिंबी आणि दोन्ही पिवळ्या साड्या तिनं स्वतःच्या हातानं फाडल्या. म्हणाली, ह्या मला तशाही आवडत नव्हत्या, सासूबाईंनी घेतलेल्या. आम्ही हसलो, तीही हसली. हिरवी साडी तिनं घरी नेली. पंचमीला नेसली नाही. गौरीलाही नाही. पुढं काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

मधला वाफा रिकामा राहिला होता. तिथं आता आमच्या गटातल्या एकीच्या माहेरून, शिरोळकडून, आलेली मदतीच्या साडीची निळी पट्टी लागली आहे. डोळे अर्धे मिटून बघितलं तर ती गडदात जाते, म्हणून दोन्ही बाजूंना फिका पिवळा घातला. पिवळा त्या फाडलेल्या साड्यांचाच. निम्मे टाके झालेत. दिवाळीनंतर ऊसतोड लागायच्या आत ती पुरी करायची आहे. तुमच्याकडं चंद्रकळेचा एखादा हातभर काळा तुकडा असेल तर बैठकीला येताना घेऊन या, काठाला थोडा कमी पडतोय.